सासूबाई एचडीत

माझ्या सासूबाई टीव्हीवर येणार होत्या आणि त्या स्वच्छ दिसाव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

सासूबाई म्हणजे नागपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. एका मराठी वाहिनीच्या पाककृती स्पर्धेत पुडाची वडी करायला त्यांची निवड झाली होती. चित्रीकरण आटोपून त्या घरीही आल्या, पण निकाल काही सांगेनात. "जयभीम. तब्येत बरी आहे. बाकी विचारू नका, वाहिनीवाल्यांनी सही घेतली आहे," एवढं बोलून फोन बंद! (जन्मभर दहावीचे पेपर सांभाळलेली बाई. तिच्या तोंडून काय फुटणार!) माझ्या बायकोनं, म्हणजे वैशालीनं, आई जिंकलीच असं परस्पर ठरवलं आणि आम्ही राहायचो त्या मस्कतजवळच्या सीबमधल्या झाडून सगळ्या ओळखीच्या मराठी घरांना शुक्रवारी दुपारी दोन वाजता आमच्याकडे बोलावलं.

आता आमच्या टीव्हीची व्यवस्था सांगायला हवी. मस्कतकडे तेव्हा बऱ्याच बिल्डिंगांत चालायची तशीच होती. गच्चीवर एक डिश, आमच्या घरात एक रिसीव्हर, आणि त्याच्या मागून निघालेली एक वायर खिडकीतून खाली इस्माईलभाईंच्या घरात. इस्माईलभाई मूळचे रत्नागिरीकडचे, मस्कतच्या गाला भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आम्ही जे लावू ते त्यांना दिसायचं. त्यांच्या बायकोची, खतिजाभाभींची, मालिका लागायची वेळ झाली की खालून एक मिस्ड कॉल यायचा, मग वैशाली चॅनल बदलायची. दोन मिस्ड कॉल म्हणजे 'जाहिरात संपली, परत या'. या पद्धतीवर दोन्ही घरं सुखानं नांदत होती.

ते सुख मला बघवलं नाही. दोन हजार आठ-नऊचा सुमार, जिकडेतिकडे एचडीच्या पाट्या लागलेल्या. मी रुवीतल्या एका शोरूममध्ये शिरलो. केरळी सेल्समननं मला पाहिलं आणि त्याला गिऱ्हाईक कळलं.

"सर, एचडी में आदमी का पसीना भी दिखेगा!"

"किसका?"

"सबका, सर!"

रिसीव्हर फुकट होता. म्हणजे रिसीव्हर फुकट, पण अनामत वेगळी, कार्डाचे वेगळे, डबा बसवणाऱ्याचे वेगळे आणि एचडीचा दरमहा आकार वेगळा. शिवाय जुना डबा जमा करायचा. आणि हे सगळं पाहायला जो सपाट टीव्ही लागतो तो तर फारच वेगळा! एवढं फुकट मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

"इस पॅकेज में मराठी चॅनल है ना?" मी सही करता करता विचारलं.

"इन्शाल्ला, सर."

नवखा माणूस या शब्दाचा अर्थ 'हो' असा घेतो. मी ओमानमध्ये चांगला मुरलेला होतो, तरीही तोच घेतला.

गुरुवारी संध्याकाळी डबा बसला. पडद्यावर सिंह आला. काय तो सिंह! त्याच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. वैशालीसुद्धा "अगं बाई!" म्हणाली, आणि माझ्या खरेदीवर ती सहसा असं म्हणत नाही. मी सोफ्यावर पाय पसरून बसलो. इतक्यात मिस्ड कॉल आला. मग दोन आले. मग तीन, ज्याचा अर्थ आम्ही ठरवलेलाच नव्हता. आणि मग दारात खुद्द इस्माईलभाई.

"ओ इंजिनियरसाहेब, काय केलंत हो? आमच्याकडे नुसत्या मुंग्या!"

मी डब्यामागे डोकं घातलं. नव्या डब्याला इस्माईलभाईंची वायर लावायला भोकच नव्हतं.

"नव्या मॉडेलमध्ये नसतं ते," मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो.

"म्हणजे अपग्रेड तुमचं आणि खलास आम्ही?" ते म्हणाले. "खतिजेच्या मालिकेत आज लग्न हाय. तिला काय सांगू मी?"

"त्यांना इकडे पाठवा ना. एचडीत लग्न बघतील."

खतिजाभाभी आल्या. वैशालीनं रिमोट दाबला. पडद्यावर निळी पाटी आली: हे चॅनल तुमच्या पॅकेजमध्ये नाही. तिनं मराठी चॅनल लावलं. तीच पाटी. निळा रंग मात्र फारच सुरेख दिसत होता. भाभी उठून गेल्या. वैशाली माझ्याकडे वळली.

"अहो, माझी आई कुठे आहे?"

"नागपूरला," मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

ग्राहकसेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड.

"सर, हमने आपको अपग्रेड किया है।"

"मग परत पूर्वीसारखं करा."

"अपग्रेड कभी भी होता है, सर। डाउनग्रेड एक साल के बाद।"

वर चढायला शिडी होती, उतरायला नव्हती. मात्र मी त्याच एचडीच्या वर आणखी पैसे भरून आणखी एक पॅकेज घेतलं, तर मराठी चॅनल मिळणार होतं. ते पॅकेज म्हणजे कालपर्यंत माझ्याकडे होतं तेच! ते मी विकत घेतलं. तेल गेलं, तूप गेलं आणि धुपाटण्याचा हप्ता सुरू झाला.

"उद्या दुपारपर्यंत चालू होईल ना?"

"इन्शाल्ला, सर."

शुक्रवारी दीड वाजता पाहुणे यायला लागले. कुणी मसालेभात आणला, कुणी श्रीखंड. एका वहिनींनी तर सासूबाईंसाठी हार आणला, टीव्हीला घालायला! माझी मुलगी रिया सगळ्यांना दारातच सांगत होती, "आजी येणार टीव्हीमध्ये, पण टीव्ही नाही येणार." मी तिला आत पाठवलं. पडद्यावर निळी पाटी तशीच. मी पुन्हा फोनवर.

"सर, सिग्नल भेज रही हूँ। दो मिनट। टीव्ही बंद मत कीजिए, फोन मत रखिए।"

मग संगीत सुरू झालं. पावणेदोन झाले. एवढ्यात नमाजाहून परतलेले इस्माईलभाई वर आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, यल्ला, सगळ्यांना घेऊन खाली या. हमरियातल्या मेव्हण्याचा डबा उचलून आणलाय, कार्डासकट, आणि गच्चीवरच्या डिशची दुसरी वायर ओढलीय. तुमचं मराठी लागतंय. टीव्ही जुनाच हाय, पण दिसतंय."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबा हो, दोन मिनिटांत येतंय," मी म्हणालो. "त्या डबड्यावर काय बघायचं? इथे बेचाळीस इंच आहे!"

सगळे थांबले. म्हणजे साधारण जिना किती रुंद आहे याचा अंदाज येईपर्यंत. मग आधी मसालेभात खाली गेला, त्यामागून श्रीखंड, मग हार, आणि शेवटी वैशाली. जाताना ती म्हणाली, "अहो, ठेवा तो फोन. चला ना."

पण माझा हट्ट! फोन ठेवला आणि नेमका तेव्हाच सिग्नल आला तर? मी निळ्या पाटीसमोर फोन कानाला लावून बसून राहिलो. खालून आधी टाळ्या ऐकू आल्या. मग एकदम शांतता. मग पुन्हा टाळ्या, जरा जास्तच जोरात. मी समजलो, जिंकल्या! आपल्यावाचून जिंकल्या, याचं खरंच वाईट वाटलं. पावणेतीनला फोन आपोआप कटला. निळी पाटी काही कटली नाही.

खाली गेलो तर खोलीत तीसेक माणसं आणि सगळ्यांचे चेहरे कसे तरीच. काय झालं विचारणार, तेवढ्यात वैशालीचा मोबाइल वाजला. नागपूर! तिनं स्पीकर लावला, डोळे पुसत माझ्याच हातात दिला आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. आनंदाश्रू, मी मनात म्हटलं.

"जावईबापू, कशी दिसले मी?"

"आई, अगदी स्वच्छ! एचडी आहे ना आपल्याकडे."

"आणि वड्या?"

"काय सांगू! खुसखुशीत! परीक्षकांच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. अभिनंदन, आई!"

खतिजाभाभींनी कपाळाला हात लावला. वैशाली दोन्ही हातांनी मला 'नको, नको' करत होती, तेव्हा कुठे मला शंका आली.

"जावईबापू," सासूबाई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या वड्या तेलात फुटल्या. सगळ्या. पहिल्याच फेरीत बाहेर पडले मी आणि कॅमेऱ्यासमोर लहान पोरीसारखी रडले. अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. तुमच्या टीव्हीवर नाही दिसलं?"

आता खोटं तरी काय बोलणार!

"नाही, आई. आमच्या टीव्हीवर तुम्ही दिसलातच नाही. फार महागडा घेतला मी."

सासूबाई हसल्या. आधी बारीक, मग खोलीभर ऐकू येईल एवढ्या.

"मग परत नका करू हो तो," त्या म्हणाल्या. "साऱ्या गणगोतात माझी लाज राखणारा तेवढा एकच टीव्ही निघाला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या अक्कलहुशारीची सासूबाईंनी केलेली तेवढी एकच तारीफ, आणि त्यातलीही निम्मी टीव्हीची.