तिसरा कौल

देवाकडून मी एकदा होकार ओरबाडून घेतला. त्याची किंमत माझ्या मुलीच्या गुडघ्याने मोजली. नंतर जी कृपा झाली ती माझ्या पुण्याईने झाली असे मी म्हणणार नाही, कारण तेव्हा माझ्या गाठीला पुण्याई नव्हतीच. जे झाले ते तसेच सांगते.

आमचे गाव वडूजच्या पलीकडे, कोरडवाहू. माझी थोरली शुभांगी शाळेत असताना ताडमाड वाढली. लोक म्हणायचे, हिला नवरा कुठून आणायचा. मीही तेच म्हणायचे. पण त्या उंचीने तिला बास्केटबॉलमध्ये नेले आणि त्या खेळाने सांगलीत सरकारी खात्यात खेळाडूच्या जागेवर नोकरी दिली. सकाळ-संध्याकाळ सराव, वर्षातले चार महिने गावोगावी सामने, पगार खेळण्याचा. पोरगी कमावती झाली तसे लोकांचे तोंड बंद झाले आणि माझे उघडले. मी फार मिरवले.

अठ्ठाविसाव्या वर्षी खेळताना तिच्या उजव्या गुडघ्यातला बंध तुटला. ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, नऊ महिने चेंडूला हात लावायचा नाही. पाचव्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड आली. शुभांगी मला म्हणाली, "आई, ही गेली तर परत न्हाई. पाय दुखत न्हाई आता. जाऊ का?" मी म्हणाले, देवाला विचारते.

आमच्या भैरोबाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, आपण मनातले बोलायचे आणि बसायचे. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी विचारले, डावी पडली. पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा डावी. गुरव म्हणाला, "वैनी, देव न्हाई म्हनतूय, उठा आता." मी उठले नाही. "कळ्या नीट चिकटवल्या न्हाईस, परत लाव," म्हणून त्यालाच झापले. तिसऱ्यांदा उजवी पडली. मी घरी येऊन मुलीला एवढेच सांगितले, "देवानं उजवा दिला."

ती गेली. तिसऱ्या दिवशी उडी मारून खाली येताना तोच गुडघा पुन्हा गेला. या वेळी आतली गादीसुद्धा फाटली. मिरजेच्या दवाखान्यात दुसरे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, चालता येईल, खेळता येणार नाही. आणि चालायचे असेल तर आत्तापासून रोज गुडघा वाकवायचा, नाहीतर पाय काठीसारखा ताठ राहील.

शुभांगीने भिंतीकडे तोंड केले ते केलेच. बोलणे नाही. भाकरी पुढे केली की दोन घास, तेही मी रडेन म्हणून. मी रडणारी नाही हे तिला माहीत होते, तरी. व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातली एक मुलगी यायची, तिला ही हातही लावू द्यायची नाही. जबरदस्तीने वाकवायला गेले तर सगळा वॉर्ड जागा होईल असे ओरडली. आठ दिवस गेले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, अजून आठवडा असाच गेला तर आमच्या हातात काही राहणार नाही." मी देवळाचे नाव घेणे सोडले होते. ज्याने दोनदा नाही म्हटले त्याला कोणत्या तोंडाने हाक मारायची? शेजारणीने अंगारा पाठवला तो मी पिशवीतून काढलाच नाही. माझ्या खोट्यामुळे पोर अधू होणार हे मला एकटीला माहीत होते आणि ते मी गिळून बसले होते.

नवव्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक बाई आणल्या. कडेगावकडच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. पन्नाशीच्या, गोल, घोट्याचे हाड मोडलेले आणि तोंड अखंड चालू. पडल्या कशा विचारले तर म्हणाल्या, "आवं, शिडीवरनं. मुख्याध्यापकांनी दोन वर्षांमागं पोरींचा बास्केटबॉलचा संघ माज्या गळ्यात मारला. मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई. घमेल्याचं बूड कापून खांबाला लावलंय, ते सैल झालं म्हनून चढले."

"घमेलं?" मी म्हटले.

"मग! रिंगेसारखंच दिसतं. पर एक कळंना बघा. शाळेत पोरी दणादणा टाकत्यात आनि तालुक्याला गेल्या की एक चेंडू आत जात न्हाई. सगळे खालीच पडत्यात. दृष्ट लागती जनू."

"दृष्ट कसली? उपाशी जात असतील."

"न्हाई वो, डबा खाऊन जात्यात. उंची बी बरोबर हाय. टेप नव्हता, तर सुतारानं हिशेब करून दिला, दहा फूट म्हंजे पावनेसात हात. मी सोता उभी राहून मोजून घेतली."

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "कुनाच्या हातानं?"

मी दचकले. नऊ दिवसांनी पोरीचा शब्द ऐकला.

बाई म्हणाल्या, "सातवीतली एक पोर चढली व्हती, तिच्या."

शुभांगी वळली. चेहऱ्यावर राग होता, निव्वळ राग. "आवं बाई, हात म्हंजे मोठ्या मानसाचा हात, कोपरापासनं बोटापत्तुर! पोरीचा चार बोटं कमी भरतो. तुमचं घमेलं साडेआठ फुटावर लटकतंय. त्या पोरींना दोन वर्षं खोटं शिकवलं तुमी."

"आगं बया!" बाई म्हणाल्या. "मग दहा फूट केवढं असतं?"

"हितनं दाखवू का आता!" आणि मला म्हणाली, "आई, ते वॉकर दे हिकडं."

मी दिले. तिने पाय खाटेखाली सोडले. गुडघा वाकला तशी तिच्या तोंडाला फेस आला, पण ती उभी राहिली, खिडकीपाशी गेली आणि गजाच्या वर हात लावून म्हणाली, "हे आठ. ह्याच्यावर आजून दोन." मग तिथेच तोल गेला, मी धरले. सिस्टर धावत आल्या, आम्हा तिघींनाही बोलणी बसली.

ते घमेले, ती शिडी, त्या पोरीचा आखूड हात, यांत देव होता की नाही ते मी ठरवत नाही. एवढे खरे की मी त्याला बोलावले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी प्रश्नांचा सपाटा लावला आणि शुभांगी चिडचिड करत उत्तरे देऊ लागली. त्या नादात गुडघा वाकू लागला.

म्हणून सगळे गोड झाले असे नाही. घरी आल्यावर तिने खेळायचे बूट दुसऱ्याला देऊन टाकले. जुन्या संघाचा सामना मोबाईलवर लागला की ती उठून जायची. खात्याने तिला टेबलाच्या कामाला बसवले. रविवारी मात्र एसटीने त्या बाईंच्या शाळेत जायची. पहिल्या दिवशी खरी रिंग दहा फुटांवर बसवली, तर पोरींचा एकही चेंडू आत गेला नाही. पोरी रडल्या. ती म्हणाली, "रडा, पर टाकत ऱ्हावा." पुढे तिने प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केला, आणि आता खात्याच्याच मैदानावर सांगलीत मुलींना शिकवते. लंगडते. उडी मारून दाखवता येत नाही, तोंडाने सांगते.

माझे खोटे मी चार वर्षे लपवले. मागच्या उन्हाळ्यात सांगलीला तिच्याकडे राहायला आले, तेव्हा सांगितले. ती अंगणात चेंडूत हवा भरत होती. मी म्हणाले, "त्या वेळी देवानं आधी डावाच दिला व्हता. मी सांगितलं न्हाई."

पंप चालूच राहिला. "किती येळा डावा?"

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा कंटाळून दिला आसंल त्यानं," ती म्हणाली आणि चेंडू आत ठेवायला गेली.

तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट पुढे ठेवायची आणि जायची. मी माफी मागितली नाही, कारण मागून मिळाली असती तर तीही ओरबाडलेलीच झाली असती. तेवढे मला एव्हाना कळले होते. चौथ्या दिवशी ती चप्पल घालता घालता म्हणाली, "चल मैदानावर. घरात बसून नुस्ती भित्ताड बघतीस."

तेव्हापासून जाते. कडेला दगडावर बसते. खेळ मला अजून कळत नाही. पोरी हरतात, ती त्यांना शिव्या घालते, मग त्यांच्यात बसून शेंगा खाते. हे मी भैरोबाकडे मागितले नव्हते, मला मागायला सुचलेच नसते. आता मी काही मागत नाही. संध्याकाळी ती शिट्टी वाजवते आणि ओरडते, "आई, चेंडू आला बघ तिकडं, टाक!" मी उठते. माझ्याच्याने जितक्या लांब जातो तितक्या लांब टाकते.