गेटवरची गिटार

मावसभावाची गिटार माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर बोटाची एकही खूण नव्हती. हैदराबादेत दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासातली पोरं त्या काळात जे जे दिसेल ते विकत घेत होती: परदेशी बूट, काळा चष्मा, गिटार. दीड वर्षात हा गृहस्थ एकही सूर शिकला नाही, पण पिवळ्या फडक्यानं रोज तिला पुसायचा. बंगळूरला नोकरी लागल्यावर ती बरकतपुऱ्यात आमच्या घरी टाकून गेला. जाताना सूचनाही दिल्या. वाजवून झालं की तारा पुसायच्या, उन्हात ठेवायची नाही, बरेच दिवस वाजवणार नसलास तर तारा सैल करायच्या. मी त्याच्या तोंडावर हसलो. युनियनची पत्रकं वाचत वाढलेला मी. वस्तू जपणं हा मालकवर्गाचा रोग, असं माझं पक्कं मत होतं.

मला गिटार कामासाठी हवी होती. बाबा ज्या कारखान्यात फिटर होते तिथे स्वेच्छानिवृत्तीचे, म्हणजे व्हीआरएसचे, अर्ज वाटले जात होते. नोकरी काढून घ्यायची आणि तिला माणसाची इच्छा म्हणायचं, ही त्या नव्या अर्थकारणाची भाषा. सह्या करू नका, असं सांगणारं गाणं गेटवरच्या सभेत म्हणायचा शब्द मी युनियनला दिला होता.

हातात सहा आठवडे होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी तीन कॉर्ड घोटले. बोटांना फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. तरी एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना गाणं दर वेळी थांबायचं. घामट हातांनी वाजवायचं आणि गिटार तशीच पत्र्याखाली टेकवून ठेवायची. भर उन्हाळ्यात त्या खोलीत मेणबत्ती वाकायची. तारा गंजल्या. सभेच्या दोन दिवस आधी पाहिलं, तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी मागून उचलली गेली होती. मी फटीत सुतारी गोंद ओतला आणि सराव चालू ठेवला.

गेटवर दीड-दोनशे माणसं होती. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला पट्टी ताडकन सुटली आणि तारांसकट माझ्या मनगटावर आली. मागून कुणीतरी म्हणालं, "लो, इसने तो हमारे से पहलेच व्हीआरएस ले लिया."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. मी गाणं साथीशिवाय पुरं केलं. ते कुणी ऐकत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी गिटार मागून घेतली. ब्लेडनं माझा गोंद खरवडला, नवा लावून पट्टी नीट बसवली, क्लॅम्प आवळला. रोज सायकलवरून ने-आण करायचे त्या हत्यारांच्या पेटीतला क्लॅम्प. संध्याकाळी दारात बसून ते पेटीतलं एकेक हत्यार तेलाच्या चिंधीनं पुसायचे. लहानपणापासून मी ते पाहत होतो, आणि कुठल्याच पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं.

"जो हत्यार पुसत नाही त्याला आमच्या खात्यात कुणी शेजारी उभं करत नाही," ते म्हणाले. "आठ दिवस तारा लावू नकोस."

मावसभावाचा मला अजूनही तिटकारा आहे. फडक्याबद्दल तो बरोबर होता, याचा तर जास्तच.

त्या आठ दिवसांत खात्यातल्या बहुतेकांनी सह्या केल्या. शेवटी बाबांनीही केली. ते घरी आले तेव्हा मी नव्या तारा लावत होतो. त्यांनी कॅरिअरवरची पेटी सोडली, पण दारात न उघडता कॉटखाली सरकवली. मी तेच गाणं वाजवलं, अडखळत. मग कोरडं फडकं घेऊन एकेक तार पुसली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.