गालावरचे ठिपके

लग्नपत्रिका हातात पडली की तुम्हीआम्ही आधी मुहूर्त पाहतो. आमच्या प्रेसमधले कॅमेरावाले काका खिशातून भिंग काढून पत्रिकेवरच्या नवरदेवाचा गाल पाहायचे आणि हळहळायचे, "गाल फुटला बघा. चौकोनी ठिपका लावला येड्यानं. गालाला लांबट ठिपका लागतो." नवरदेवाचा बाप समोर उभा असला तरी त्यांना त्याची पर्वा नसे.

उस्मानपुऱ्यातल्या त्या ऑफसेट प्रेसमध्ये मी मुद्रितशोधक होते. छापलेला फोटो म्हणजे नुसते लहानमोठे ठिपके असतात, हे मला काकांनी शिकवले. फोटोची निगेटिव्ह काढताना मध्ये एक जाळी, म्हणजे स्क्रीन, ठेवायची. ती चेहऱ्याचे ठिपके करते. वर्तमानपत्राला जाडी जाळी, गुळगुळीत कागदाला बारीक. गव्हाच्या चाळणीने मैदा कुणी चाळत नाही, तसेच हे, असे ते सांगायचे. त्यांच्या स्क्रीनच्या पेटीला हात लावायची मालकांचीही छाती नव्हती.

माझे वडील गेले तेव्हा मी रांगत होते. घरात त्यांचा एकच फोटो, तोही वर्तमानपत्रातला: जनावरांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या बैलाशेजारी उभे असलेले. एकदा आई म्हणाली की तिला आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, बैल मात्र आठवतो. मी हसले, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते कात्रण काकांपुढे ठेवले आणि भिंतीवर लावण्याजोगा फोटो करून मागितला.

छापील फोटोत आधीच ठिपके. त्यावर पुन्हा जाळी आली की ठिपके ठिपक्यांशी भांडतात आणि चेहऱ्यावर चौकटी उमटतात. काकांनी कात्रण तिरपे केले, आणखी तिरपे केले. बैल झकास आला, वडील चौकटींमागेच राहिले. जेवणाच्या सुट्ट्या काकांनी यातच घालवल्या. शेवटी पेटीच्या तळाची रवाळ स्क्रीन काढली. तिचे ठिपके रांगेत नसतात, रवा सांडावा तसे कुठेही पडलेले असतात. चौकटी गेल्या.

फोटो घेऊन काका स्वतः पुंडलिकनगरला आमच्या घरी आले. चेहरा ओशाळलेला.

"वहिनी, चौकटी गेल्या, पण तोंडावर रवा दिसतोय. लई खरबरीत झालं. अजून एकदा करून बघतो."

आईने फोटो हातात घेतला, गालावरून बोट फिरवले.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "देवीचे वण व्हते त्यायच्या तोंडावर. पेपरात ते दिसतच नव्हते. आता हे तेच हायेत."

मला हे ठाऊकच नव्हते. काकांनी चहा घेतला आणि गालाबद्दल एक अक्षर काढले नाही. मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले, आणि मी पडले.

काका आता नाहीत. पण माझे वडील दिसायला कसे होते असे कुणी विचारले, की मी वण आधी सांगते, बैल नंतर.