आईची भूमिका

सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेले, तेव्हा भाऊ जाऊन दीड वर्ष झालं होतं. तो फौजेत होता. बर्फातल्या रस्त्यावरून त्यांची गाडी दरीत कोसळली. माण तालुक्यातल्या आमच्या गावात तो पेटीतून आला, आणि तेव्हापासून मी जिथं जाईन तिथं 'शहिदाची बहीण' होते. सांगलीत हे कुणालाच माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

नाटकाच्या ग्रुपात गेले ती हॉस्टेलची खोली खायला उठायची म्हणून. निवडीच्या दिवशी हातात दिलेला उतारा वाचताना 'नाही'च्या जागी 'न्हाई' गेलं आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा होता, सगळे त्याला दादाच म्हणायचे. "तू बॅकस्टेजला थांब," तो म्हणाला. मी थांबले. खुर्च्या लावायच्या, साड्यांना इस्त्री करायची, तालमीत कुणी अडलं की विंगेतून वाक्य सांगायचं. महिन्याभरात सगळी एकांकिका मला पाठ झाली.

एकांकिका नेमकी एका जवानाच्या घरची होती. शेवटी पेटी येते. आईचं काम करणारी मुलगी सांगलीतलीच होती, आवाज चांगला होता तिचा. ती पेटीवर पडून हंबरडा फोडायची. रोज. मी तेवढ्या वेळापुरती बाहेरच्या नळावर जाऊन पाणी प्यायचे.

एके दिवशी मात्र मला विंगेतून हलता आलं नाही. ती रडत होती आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "असं न्हाई रडत."

तालीम थांबली. "मग कसं रडतात?" दादानं विचारलं. आवाजात चेष्टा होती.

"रडतच न्हाईत," मी म्हणाले. "पेटी उघडायची नाही असं सांगत्यात सोबत आलेली माणसं. तर आमच्या गावातली एक बाई पेटीवर थापा मारत ऱ्हायली. म्हणाली, ह्यात माजाच हाय कशावरनं? नुसतं कागदावर लिवलंय म्हणून माजा व्हय?"

"करून दाखव."

मी केलं. टेबलाला पेटी समजून थापा मारल्या, ती वाक्यं म्हटली. संपल्यावर दादानं विचारलं, "ही बाई कोण?"

"माझी आई."

दुसऱ्या दिवशी भूमिका मला मिळाली. त्या मुलीनं साडीची घडी माझ्या हातात दिली. "तुझंच आहे ते," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. आठवड्याभरात तिनं ग्रुपला यायचं सोडलं.

आणि मी खूश होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. जे माझ्या 'न्हाई'ला हसले होते, तेच आता आपली वाक्यं घेऊन माझ्याकडं यायचे, "हे तुमच्याकडं कसं म्हणतील?" कँटीनमध्ये माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायचे. दादा म्हणाला, "दोन्ही हातांनी मार. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे." मी दोन्ही हातांनी मारू लागले. तळवे लाल व्हायचे. त्याचाही मला अभिमान वाटायचा.

घरी फोनवर मी फक्त एवढं सांगितलं होतं, की नाटकात काम करते. कुठलं नाटक, ते आईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

स्पर्धा कराडला होती. माझा चुलतभाऊ तिथंच इंजिनिअरिंगला होता. मी नऊवारी नेसून तयार बसले होते, तेवढ्यात त्याचा मेसेज आला: 'काकूला घेऊन आलोय. तिसरी रांग.' नाटक कशावर आहे ते त्यालाही माहीत नव्हतं; त्याच्या मनात आलं होतं, तेवढंच तिला बरं वाटेल.

मी दादाकडं धावले. "आज तो भाग काढूया. माझी आई आलीया."

त्यानं हातातलं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "तो काढला तर राहतंय काय?"

तिसरी घंटा झाली. मी 'नाही' म्हणू शकले असते. साडी उतरवून हॉलच्या मागच्या दारानं तिला घेऊन जाता आलं असतं. मी स्टेजवर गेले. दिव्यांच्या उजेडात समोरचं काही दिसत नव्हतं. पेटी आली, मी थापा मारल्या, "ह्यात माजाच हाय कशावरनं?" म्हणाले. आईच्याच आवाजात. पडदा पडल्यावर कितीतरी वेळ टाळ्या चालू होत्या.

आई बाहेर पायरीवर बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, माझ्यासाठी आणलेली. मेकअपसकट मी तिच्या शेजारी बसले. चुलतभाऊ लांब जाऊन उभा राहिला. त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती.

"आई, मी सांगणार हुते," मी म्हणाले.

ती रस्त्याकडं बघत होती. "दोन्ही हातांनी न्हवतं मारलं मी," ती म्हणाली. "एक हात तुज्या हातात हुता. तू सोडत न्हवतीस."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. तिचा हात मी धरला होता, हे मला तिच्याकडूनच कळलं.

"आवंदा पाऊस न्हाई अजून," मग ती म्हणाली, आणि फडकं माझ्याकडं सरकवून उठली. चुलतभावाच्या गाडीवर मागं बसताना तिनं पदर नीट खोचून घेतला. माझ्याकडं वळून बघितलं नाही.

आम्ही पुढच्या फेरीत गेलो. मी दादाला आईचं बोलणं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. तो ताडकन उभा राहिला, म्हणाला, "हे घ्यायलाच पाहिजे!" मग नाटकात जवानाच्या बहिणीचं काम करणाऱ्या मुलीनं माझा एक हात धरून ठेवला आणि मी एकाच हातानं थापा मारल्या. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत ग्रुपात माझी जागा कुणी हलवली नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आई आणि शेजारची काकू चुलीपाशी बोलत बसल्या होत्या. भावाचं लहानपणीचं काहीतरी चाललं होतं, आई बारीक हसतही होती. मी उंबऱ्यातून आत आले. आईनं काकूच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि दोघी गप्प झाल्या.