बॅनरवरचं कपाळ

आमच्या गावचं नगराध्यक्षपद थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि ते महिलांसाठी राखीव निघालं, तेव्हा आमच्या घरात उमेदवार शोधावा लागलाच नाही. नवरा नगरसेवक असतानाच हार्टअटॅकनं गेला होता. "वहिनी, सहानुभूती आपल्या बाजूनं आहे," त्याचे मावसभाऊ म्हणाले. प्रचाराची सूत्रं त्यांनीच घेतली होती. सहानुभूती म्हणजे जणू फुटलेला कापूस, फक्त वेचायचा राहिलाय, असं ते बोलायचे.

मलाही उभं राहायचं होतं, खोटं कशाला बोलू? नळाला पाणी आलं नाही की वॉर्डातल्या बायका माझ्याच दारात येऊन भांडायच्या. त्यांची कामं मीच पाहायची.

अडचण निघाली ती माझ्या टिकलीची. नवरा गेल्यावरही मी ती लावणं सोडलं नव्हतं. अहो, परकरात होते तेव्हापासून लावत आले, लग्नात थोडीच मिळाली होती! घरात कुणी हूं की चूं केलं नाही. पण बॅनरचे फोटो काढायला धुळ्याला जायच्या आदल्या संध्याकाळी बैठक बसली. घरभर पुरुष शेवभाजी ओरपत माझ्या कपाळावर चर्चा करत होते.

"टिकली दिसली की सहानुभूती गेली," भाऊ म्हणाले. "मतदानापर्यंतच काढा वहिनी. मग काय हवं ते लावा."

"मतं मी मागणार आहे की माझं कपाळ?" मी आत स्वयंपाकघरातूनच ओरडले. मेल्यांना लाज नाही, असंही म्हणाले. ते मात्र भाजीच्या पातेल्याला ऐकवलं.

मग त्यांनी माझ्या सासऱ्यांना पुढं केलं. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघेचनात. "थोडा दिननी गोट शे, माय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पोऱ्यानं नाव ऱ्हाई." थोड्या दिवसांचीच गोष्ट होती, आणि लेकाचं नाव राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या म्हाताऱ्या जिवाशी कसली हुज्जत घालायची? मी टिकली काढली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि भडभडून आलं. नवरा गेला त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. फोटोवाला खूश झाला. "डोळे असेच राहू द्या ताई," म्हणाला. चार दिवसांत माझं ते उघडं कपाळ चौकाचौकात लागलं. त्या बॅनरखालून जाताना मी मान खाली घालायची.

आणि मी निवडून आले. घरादारावर गुलाल उधळला गेला. पदभार घ्यायच्या दिवशी सकाळी मी आरशासमोर उभी राहिले आणि टिकली लावली. जीव भांड्यात पडला.

भाऊंचा चेहरा उतरला. "वहिनी, निदान पाच वर्षं तरी... लोकांना फसवल्यासारखं वाटेल हो."

"फसवायची अक्कल कुणाची होती?" असं म्हणून मी गाडीत बसले.

नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मागच्या गल्लीतल्या एक अक्का नारळ घेऊन थांबल्या होत्या. ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. मला पाहून त्यांचा पुढं आलेला हात थबकला.

"मी तुले मत दिधं," त्या म्हणाल्या. "चौकमा एवढं मोठं, आमनासारखं कपाय कधी दिखनं नही."

ज्या फोटोची मला शिसारी यायची, तो, आपल्यासारखंच कपाळ म्हणून, या बाईनं येता-जाता मान वर करून पाहिला होता. आणि तो बघून तिला बरं वाटलं होतं.

"टिकली लावली तरी मी तुमच्यातलीच आहे, अक्का," मी कसंबसं म्हणाले.

"व्हई ना, माय," असशील बाई, अशा सुरात त्या म्हणाल्या. नारळ माझ्या हातात ठेवला, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढून घेतला आणि पायऱ्या उतरून गेल्या.