डोली टेकवताना

वडील हिरड्याच्या झाडावरून पडले तेव्हा मी चाकणला एका कारखान्याची लिफ्ट तपासत होतो. आमची वाडी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. तिथून भावकीतल्या चौघांनी त्यांना डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि पुढे जीपने मंचरच्या एका दवाखान्यात. मी पोचलो तेव्हा ते दुसऱ्या मजल्यावर होते. डॉक्टर म्हणाले, मणका मोडलाय, पण पायाची बोटं अजून हलतायत. पुण्याला न्या, मात्र वाटेत धक्का बसता कामा नये, नाहीतर पाय जातील.

पहिला धक्का तर दवाखान्यातच होता. वर आणताना लिफ्ट अशी दणकन थांबली की वडील ओरडले, असं चौघांतल्या थोरल्या चुलत्यांनी सांगितलं. जिना इतका अरुंद, की स्ट्रेचर वळतच नव्हतं.

"थांबताना सगळ्याच लिफ्टी हलतात राव," मॅनेजर म्हणाले. अर्धं आयुष्य ह्याच कामात घालवलेल्या माणसाला हे ऐकवत होते! डोकंच फिरलं माझं, पण भांडायला वेळ नव्हता. त्यांचा मेकॅनिक पुण्याहून यायला संध्याकाळ होणार होती. मीच नीट करतो म्हणालो, तेव्हा त्यानंच फोनवर सांगितलं, करू द्या ह्यांना.

गच्चीवर जाण्याआधी वडिलांपाशी गेलो. ते छताकडे बघत पडले होते.

"त्या पेटीला टेकायची घाई लई," ते म्हणाले. "पाय थांबायच्या आधीच खाली ठिवती."

वडिलांनी उभ्या जन्मात किती आजारी माणसं, किती बाळंतिणी डोलीतून खाली उतरवल्या, त्याला गणती नाही. डोली टेकवण्याची आमच्याकडे रीत आहे. आधी चौघांचे पाय थांबले पाहिजेत. मग भार खांद्यावर तसाच धरून एक श्वास जाऊ द्यायचा, आणि मग गुडघे वाकवून डोली खाली ठेवायची. चालता चालता टेकवली तर आतल्या माणसाच्या हाडाला लागतं.

गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन पॅनेल उघडलं. सवयीनं आधी मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमध्ये वेग उतरण्याचा वेळ वाढवला. रिकामी लिफ्ट छान थांबली, पण रिकाम्या लिफ्टवर भरवसा ठेवायचा नसतो. म्हणून चौघांना आत उभं केलं. कुणी न सांगता त्यांनी चपला बाहेर काढल्या. लिफ्ट खाली जाऊन आली.

"न्हाई," चुलते म्हणाले. "टाचंला लागतंय अजून."

मग मशीनपाशी वाकून नीट बघितलं. मोटर पुरती थांबायच्या आत ब्रेक आवळत होता. वडील पडल्या पडल्या सांगत होते ते हेच. ब्रेक लागण्याची वेळ जराशी पुढे ढकलली. तर आता मोटर भार लवकर सोडून देत होती आणि डबा थांबल्यावर किंचित खाली बसत होता. मग ब्रेकची पकड पुरती बसेपर्यंत मोटरनं भार धरून ठेवावा, असं केलं. पुन्हा फेरी, पुन्हा अनवाणी पाय. असं करता करता एकदा दार उघडलं आणि चुलत्यांनी विचारलं, "आलो व्हय?"

वडिलांना आत घेतलं. मी पायाशी उभा राहिलो, त्यांचा अंगठा मुठीत धरून. आजवर इतक्या लिफ्टी नीट केल्या, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. मनातल्या मनात भीमाशंकराला हाक मारत होतो.

दार उघडलं, समोर ॲम्ब्युलन्स उभी होती. लिफ्ट कधी थांबली ते मला कळलंसुद्धा नाही. पण मुठीतला अंगठा गार पडला होता, हालचाल काहीच नव्हती.

"बा," मी म्हणालो. मूठ आणखी आवळली.

मुठीत अंगठा वळवळला.

"सोड की रं," वडील म्हणाले. "गुदगुल्या व्हत्यात."