पोरीच्या वजनाचे पाव

जूनमध्ये संत अंतोनीचा सण येतो. त्या दिवशी बोईसरच्या आमच्या चर्चमधली मुलं मिस्सेच्या उपासनेनंतर आशीर्वादाचा एकेक छोटा पाव घेऊन घरी जातात, आणि माझी पोरगी मात्र सकाळीच बेकरीतल्या काट्यावर चढते. मैद्याच्या गोण्या तोलायचा काटा तो. तिचं जेवढं वजन भरेल तेवढे पाव घ्यायचे, मिस्सेत फादरांकडून आशीर्वादित करून घ्यायचे आणि मासवणच्या बाजूला दोन पाड्यांवर नेऊन वाटायचे. हा नवस माझा. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, आणि पोरीला तर कोणी विचारलंच नव्हतं.

विचारणार कसं? ती तेव्हा काचेच्या पेटीत होती. सातव्या महिन्यात झाली, दीड किलोसुद्धा भरली नव्हती. दवाखान्यात रोज सकाळी नर्स तिचं वजन करायची आणि मी काचेबाहेरून नर्सच्या तोंडाकडे बघत राहायची. सव्वा महिना जीव टांगणीला लागलेला. तिथेच उभ्या उभ्या बोलून गेले, अंतोनीबाबा, ही घरी आली तर दर वर्षी हिच्या वजनाएवढे पाव गरिबाच्या पोरांना देईन. असा नवस आमच्यात जुना आहे, मी काही नवीन काढला नाही.

पहिल्या सणाला ती काट्यावर बसून भोकाड पसरत होती. पुढे मात्र तिला मजा वाटायला लागली. नवा फ्रॉक घालून काट्यावर चढायची आणि वजन जास्त भरावं म्हणून गाल फुगवून श्वास धरायची. बेकरीवाले चाचा म्हणायचे, "बिटिया, हवा का वजन नहीं होता," आणि मग आकडा सगळ्या बेकरीला ऐकू जाईल असा सांगायचे. पाड्यावरची मुलंही विचारायची, यंदा किती भरली. पाव चहात बुडवून खाता खाता तिच्याकडे बघून हसायची. दर वर्षी आकडा वाढायचा आणि माझी छाती फुगायची.

ती दहा वर्षांची होती तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला टायफॉइड झाला. सणाला काट्यावर चढली आणि आकडा मागल्या वर्षापेक्षा दोन किलोंनी खाली. चाचांनी तो हळू आवाजात सांगितला. मला तिथेच रडू फुटलं. घरी आल्यावर दोन दिवस मला घास गेला नाही. आणि नंतर वर्षभर मी त्या पोरीचा पिच्छा पुरवला. सकाळी अंडी, दुपारी बोंबील, संध्याकाळी दूध, ताटात भाताचं शीत उरलं तरी माझा पारा चढायचा. डॉक्टर म्हणाले, बरी आहे, अंगकाठीच बारीक आहे तिची. मी ऐकतेय होय! नवरा म्हणाला, "पोरगी आहे, कोंबडी नाही." त्याच्याशी तीन दिवस अबोला धरला.

मागल्या वर्षी सण आला. काटा चार किलोंनी वर गेला. चाचांनी टाळ्या वाजवल्या. मी मिस्सेआधी आणि मिस्सेनंतर, भेटेल त्या बाईला चर्चच्या आवारात सांगत सुटले. पाड्यावर पाव मी स्वतःच्या हाताने वाटले. पोरगी दिवसभर कमरेला हात लावून चालत होती, माझं लक्षच गेलं नाही.

संध्याकाळी ती कपडे बदलत होती आणि मी टॉवेल द्यायला आत गेले. तिच्या कमरेभोवती लालभडक वळ उठला होता, दोन बोटं रुंद. पलंगावर कापडी पट्टी पडली होती. उचलली तर हाताला हिसका बसला. आत शिशाच्या गोळ्या शिवलेल्या, मासे धरायच्या जाळ्याला वजनाला लावतात त्या. दोन किलो सहज असतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संताच्या सणाला फसवाफसवी करतेस, म्हणून मी हात उगारला. तेवढ्यात सासू मध्ये आली. ती किनाऱ्यावरच्या गावातली, सासरे गेल्यापासून आमच्याकडे बोईसरला राहते. येताना जुनं जाळं तेवढं घेऊन आली होती.

"तिला हात नाय लावायचा," सासू म्हणाली. "पट्टी मी शिवली. शिसं आमच्याच जाल्याचं हाय."

"आई, तुम्ही पण? संताला फसवलंत?"

"कसा फसवला? पाड्याच्या पोरांच्या पोटात दोन किलो पाव जास्त गेला. संताचा काय तोटा झाला?"

मी वळून पोरीवरच ओरडले, का केलंस असं. ती टॉवेल कमरेला घट्ट धरून उभी होती.

"काटा खाली आला की तू जेवत नाहीस," ती म्हणाली. "मला काही होत नाही मम्मी. तुलाच होतं."

मी पलंगावर बसले. हिला जगवायला मी नवस बोलले होते, आणि ही पोर माझ्यासाठी दिवसभर अंगावर शिसं वागवत होती, चर्चमध्ये गुडघे टेकताना, पाड्याचा चढ चढताना. मी तिला जवळ घेतलं, वळाला खोबरेल तेल लावलं आणि मला माझी लाज वाटली. खरंच वाटली.

यंदा मी म्हटलं, काटा नको, पोतंभर पाव देऊ आणि नवस फिटला म्हणू. पोरगीच ऐकेना. पाड्यावरची मुलं विचारतील म्हणाली. तिने अट घातली, "मी चढणार, पण तू बेकरीबाहेर पावांच्या टेम्पोत पुढे बसायचं. मागे बघायचं नाही. आकडा फक्त चाचांना आणि पप्पांना."

मी बसले. तिचा पप्पा मागे पावांचा एकेक क्रेट चढवत होता. प्रत्येक क्रेट फळीवर आपटला की आवाज व्हायचा आणि माझं मन लगेच मोजायला लागायचं. दोनपर्यंत मोजलं आणि माझाच मला राग आला. मग मी मोठ्याने 'नमो मरिया' म्हणायला लागले, आवाज ऐकूच येऊ नये म्हणून. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघू देत.

ती येऊन शेजारी बसली. "मोजलेस?"

"दोनपर्यंत. पुढचे नाही."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग हसली, मागे हात घालून एक गरम पाव काढला आणि आशीर्वादाची वाट न बघता अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिने मांडीवर ठेवला. 'संपव तो' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि नवऱ्याला म्हटलं, चला, मिस्सेला उशीर होतोय.